चौदा किलो सातशे तांबं

“केरबा, इकडं ये रं. ह्याच्यावर पयला हातोडा तू घाल.”

मोती चौकाजवळच्या त्या स्टीलच्या दुकानामागं, पत्र्याच्या शेडखाली आकाराम तांबट एक जुना बंब मांडीशी धरून बसला होता. दुकानाचा हमाल केरबा धोतराला हात पुसत आला. त्यानं हातोडा घेतला, बंबाच्या पोटावर कोरलेल्या नावावर तीन घाव घातले आणि परत पोती शिवायला गेला. मग आकारामनं हातोडा हातात घेतला आणि बंब चेपायला सुरुवात केली.

“तू का नाही मारलास पहिला?” मी विचारलं.

“बाऽच्या हातचा बंब हाय. त्येचं नाव हुतं त्याच्यावर,” आकाराम म्हणाला. “मोडीला आलेल्या भांड्यावरलं नाव आदी मोडायचं, मास्तर. नाव बगत असताना भांडं मोडू नये. आन् आपल्या घरचंच नाव आसलं, तर पयला घाव दुसऱ्याच्या हातनं. आपल्या हातानं आपलं नाव मोडत न्हाईत.”

हे त्यानं असं सांगितलं, की जणू आज बाजारात वांगी स्वस्त आहेत. मला मात्र तिथं उभं राहवेना.

एकोणऐंशी सालचा जानेवारी असावा तो. साताऱ्यातल्या बायकांना तेव्हा स्टीलचं वेड लागलं होतं. पणजीच्या हातची घंगाळं, बंब, हंडे डोक्यावर घेऊन त्या दुकानात यायच्या, वजनावर द्यायच्या आणि चकचकीत पेले-ताटल्या घेऊन विजयी मुद्रेनं परत जायच्या. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? आमच्या हिनं सासूबाईंचा बंब देऊन बारा पेले आणले, आणि त्यातल्याच एका पेल्यातून मी रोज ओठ भाजून घेत चहा पीत होतो. ही सगळी मोड पोत्यात नीट बसावी म्हणून आधी चेपावी लागे. ते चेपण्यासाठी दुकानाच्या शेठनं कोण ठेवला, तर तांबट! ज्याच्या आळीनं शंभर वर्षं भांडी घडवली, त्यालाच ती मोडायला बसवला. आठ वर्षांत आकारामनं एक नवं भांडं घडवलेलं नव्हतं.

मी खिशातून घडी घातलेली पुस्तिका काढली. “आकाराम, नवा बंब करायचाय.”

“नवा? आता कोन करून घेतंय? काय मयताला पाजे का काय?”

“हा वेगळा आहे. लाकूड नाही, कोळसा नाही. उन्हावर पाणी तापतं.”

त्यानं माझ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. “मास्तर, तुमी येवडं शिकल्यालं. आसलं काय बी बोलू नगा.”

मी तांत्रिक शाळेत ड्रॉइंग आणि वर्कशॉप शिकवत होतो. पुस्तिका सांगलीच्या एका प्राध्यापकांनी लिहिली होती. त्यांनी स्वतःच्या घराच्या गच्चीवर असा सूर्यबंब बसवला होता आणि कुणाही माणसाला ते तो हौसेनं दाखवत. आकारामचा विश्वास बसेना, म्हणून एका रविवारी त्याला एसटीत घातला आणि सांगलीला नेला. चार तासांच्या प्रवासात तो दोनच वाक्यं बोलला. कराडला म्हणाला, “न्हाई तापायचं.” आष्ट्याला म्हणाला, “कोमट व्हईल कदाचित.”

प्राध्यापकांनी आम्हाला गच्चीवर नेलं. काचेचं झाकण घातलेली एक सपाट लाकडी पेटी उन्हाकडं तोंड करून तिरपी ठेवलेली, आत नळ्या जोडलेला तांब्याचा काळा पत्रा, आणि वरच्या अंगाला पाण्याची टाकी. एवढाच तो कारभार. आकारामनं आजूबाजूला, पेटीखाली, टाकीमागं डोकावून पाहिलं. कुठं तरी चूल लपवली असणार, अशी त्याला शंका होती. मग त्यानं नळ सोडला आणि हात खाली धरला.

“आयाय गं!” म्हणून त्यानं हात मागं घेतला आणि हसायला लागला. साठीला आलेला माणूस. पुढचे दोन दात नसलेला. पुन्हा हात घातला, पुन्हा ओढला, पुन्हा हसला. प्राध्यापकांच्या पत्नी चहा घेऊन आल्या, तर त्यांनाच म्हणाला, “आवं बाई, तुमचं पानी तापलंय की!”

त्याची एकच तक्रार होती, आणि ती परतीच्या वाटेवर त्यानं मला चार तास ऐकवली. तांब्याला काळा रंग का? प्राध्यापकांनी समजावलं होतं, की काळा रंग ऊन पितो आणि चकाकता पत्रा ऊन परत फेकतो, म्हणून पत्रा चकाकता कामा नये. डोक्याला पटलं होतं, पण मनाला पटत नव्हतं.

“आमी जल्मात काळं भांडं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं न्हाई, मास्तर. चिंच लावून आरशावानी करून द्यायचं. आन् आता घडवायचं आन् वरनं काळं फासायचं? लोक म्हनतील, कोन मेलं वाटतं तांबटाच्या घरात.”

“पाणी तापलं की कोणी काही म्हणत नाही.”

“ते बी खरंच,” तो म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. पेठ नाक्याच्या पुढं आल्यावर हळूच म्हणाला, “लोकास्नी आवडला, तर दुकान सोडीन म्हनतो मी.”

आता बंब बसवायचा कुणाच्या घरावर? दोन-अडीच हजारांची गोष्ट होती, आणि माझा पगार चारशे दहा. म्हणून मी नानासोंकडं गेलो. इथपासून माझं तोंड कडू होतं ते आजतागायत.

नानासो आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. मूळचे कोरेगावकडचे, सदर बझारात बंगला. गोड बोलायचं आणि गोड खायचं, या दोन गोष्टींत त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. मी सात वर्षं त्यांच्या शाळेत हंगामी होतो. कायमचा हुकूम त्यांच्या टेबलाच्या खणात होता, आणि तो खण ते दर वर्षी माझ्यासमोर उघडत आणि लावत.

मी खर्चाचा तक्ता नेला होता. तांबं चौदा-पंधरा किलो, काच, सागवानी पेटी, टाकी, लोखंडी नळ, मजुरी. सगळं मिळून एकवीसशे चाळीस. पै-पैचा हिशेब मी स्वतः दुकानं हिंडून काढला होता.

नानासोंनी तक्ता वाचला. “मास्तर, झ्याक हाय. बंगल्यावरच बसवू. पर शाळंच्या नावानं. पोरांस्नी विज्ञान बगायला मिळंल. मुंबईचे सायेब पाडव्याला येनार हाईत, त्यांच्या हातनं उद्घाटन करू. शाळांस्नी असल्या कामासाठी त्यांच्या खात्याकडनं मदत मिळती.”

“फारच छान, नानासो.”

“पर तुमी लय हात राखून लिवलंय. तांबं सव्वीस किलो धरा. मजुरी तिप्पट धरा. येवस्थित पाच हजार सहाशे व्हतंय.” मग त्यांनी खण उघडला, माझ्याकडं पाहून हसले आणि लावला. “जूनमदी बगू तुमचं.”

मी घरी येऊन नवा तक्ता लिहिला. माझं अक्षर सुरेख आहे, असं सगळे म्हणतात. सव्वीस हा आकडा मी अगदी वळणदार काढला.

आकारामला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त एवढंच कळलं, की काम मिळालं. तांबट आळीत त्याच्या घराच्या ओसरीवरची भट्टी आठ वर्षांनी पेटली. पहिल्या दिवशी ठोका पडायला लागला, तसं शेजारची अंबूबाई काठी टेकत बाहेर आली आणि दारातच बसून राहिली. “काय काम न्हाई,” ती मला म्हणाली, “आयकाय बसलीया.”

सकाळी दुकानात मोड चेपायची आणि दुपारपासून नवं घडवायचं, असं त्यानं महिनाभर चालवलं. शेठला सांगून टाकलं, की पाडव्यानंतर माझ्या जागी दुसरा माणूस बघा. नानासोंच्या शेजारचे बंगलेवाले येता-जाता चौकशी करत होते. पाणी तापलेलं दिसलं की आम्हालाही एक करा, असं कुणी कुणी बोललंही होतं. आकारामनं कोळशानं भिंतीवर बंगल्यांची नावं मांडली होती. अकरा झाली होती. त्यातले किती खरोखर करून घेतील, असं मी विचारलं, तर म्हणाला, “चार जरी झालं, तरी मी तांबट म्हनून मरीन.”

नळ्या डाग देऊन पत्र्याला जोडून झाल्या, पत्रा पुरा झाला. मी बघायला गेलो, तर तो छिन्नी घेऊन पत्र्याच्या कोपऱ्यावर काही कोरत होता. “आकाराम बाळा तांबट, सातारा,” एवढं झालं होतं. पुढं तो आकडे कोरायला लागला. चौदा किलो सातशे.

मला माझ्या तक्त्यातला सव्वीस आठवला. “वजन कशाला कोरतोस?”

“आमच्यात नुसतं नाव घालत न्हाईत. वजनासंगट घालत्यात. फुडं कवा मोडीला गेलं, तर बाईमानसाची काट्यावर फसगत व्हऊ नये.” त्यानं फुंकर मारून कीस उडवला. “भांडं बनवतानाच मोडीचा इचार करून ठेवायचा. बाऽची शिकवन हाय.”

पुसून टाक, असं मी म्हणू शकलो नाही. का पुसू, असं त्यानं विचारलं असतं. मग मला एकदम आठवलं, की पत्र्याला काळा रंग द्यायचाच आहे. हुश्श केलं. शाळेतून फळ्याला लावतात तो रंग मी आणला, कारण तो चकाकत नाही. दोन हात मी स्वतः दिले. कोपऱ्यातल्या नावावर अंमळ जाड दिला.

पाडव्याच्या चार दिवस आधी बंब गच्चीवर चढला. दुसऱ्या दिवशी दुपारी नळ सोडला, तर वाफ. नानासोंच्या घरी भांडी घासणारी रंगुबाई खाली मोरीवर होती. सबंध थंडी गार पाण्यात काढून तिची बोटं भेगाळलेली. तिनं गरम पाण्यात हात बुडवून ठेवले आणि बराच वेळ काढलेच नाहीत.

“लाकडाबिगर?” तिनं विचारलं.

“लाकडाबिगर,” आकाराम म्हणाला.

“कुनी क्येलं हे?”

“म्या.”

“देव भलं करो बाबा तुजं.”

नानासोंनी त्या पाण्यानं अंघोळ केली आणि ‘वा’ म्हणाले. मी सांगितलं ते एवढंच, की आता पेटीला कुणी हात लावायचा नाही. ते सांगितलं मी नानासोंना, आणि तेही पानाचा डबा उघडण्यात गुंतलेले असताना. घरातल्या बाईमाणसांना सांगावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. जिच्या राज्यात तांबं येतं, तिला सोडून बाकी साऱ्यांना मी विज्ञान शिकवलं.

पाडव्याच्या सकाळी नऊपासून मी नव्या सदऱ्यात नानासोंच्या अंगणात उभा होतो. गुढी उभी होती. तिच्यावरचा तांब्या असा लखलखत होता, की बघवेना. आकाराम फेटा बांधून आला होता आणि फाटकाच्या आतल्या बाजूला, चपलांपाशी उभा होता. टाकी सकाळीच ताज्या पाण्यानं भरली होती. साडेबाराला मुंबईचे साहेब आले. हार झाले, नारळ झाला, नानासोंचं भाषण झालं. मग साहेबांनी मोरीवरचा नळ सोडून हात धरला.

ते तसेच थांबले. नानासोही थांबले.

“नानासाहेब, हे तर गारच आहे की हो.”

कुणीतरी हसलं. नानासो म्हणाले, “जरा वाट बगू.” वाट पाहिली. पाणी गारच. मग सगळी वरात गच्चीवर गेली. साहेब, नानासो, त्यांच्या पत्नी लीलाबाई, शेजारचे बंगलेवाले, मी, आणि सगळ्यांच्या मागं आकाराम.

पेटीकडं बघितलं आणि माझे डोळे दिपले. काचेखाली तांब्याचा पत्रा आरशासारखा झळकत होता. काळ्याचा ठिपकासुद्धा उरला नव्हता.

रंगुबाई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिच्या हातांना चिंचेचा वास येत होता, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू पोराचा पहिला नंबर आलाय. “काल सबंद दिस घासलाय बगा,” ती मला हळूच म्हणाली. “डायवरनं काच उचलून दिली. आदी सोडा, मग इटकर, मग काथ्या, मग चिंच. काय खरकटी काजळी हुती! बाईसाब म्हनल्या, पाडव्याला घरातलं एक बी तांबं काळं ऱ्हाऊ नये, पावनं वर बगायला येनार हाईत.”

लीलाबाईंनी ते ऐकलं. त्यांनी साडीचा पदर सारखा केला आणि दुसरीकडं पाहिलं.

आकारामला तर एका नजरेत सगळं कळलं असणार. पण तो काही बोलायच्या आत साहेब वाकले. त्यांनी चष्मा सरळ केला आणि मोठ्यानं वाचलं. “आकाराम बाळा तांबट, सातारा. चौदा किलो सातशे.” मग त्यांनी हातातल्या कागदाकडं पाहिलं. माझ्या सुरेख अक्षरातल्या कागदाकडं. “नानासाहेब, इथं सव्वीस किलो लिहिलंय.”

खाली गुढीची कडुलिंबाची डहाळी वाऱ्यानं काठीवर आपटत होती, तेवढाच आवाज.

नानासोंना सावरायला किती वेळ लागला असेल? एक घोट गिळण्याइतका. मग ते आकारामकडं वळले. “काय रं तांबटा? सव्वीस किलोचं पैसं घेतलंस. बाकीचं तांबं कुटं गेलं?”

“सव्वीस?” आकाराम म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. “चौदा किलो सातशे लावलंय. लिवलंय की वर.”

“तरीच पानी तापंना! आरं, जिथं सव्वीस लागतंय, तिथं चौदा लावलं, तर पानी तापंल कसं? आन् ते चौदा तरी चोख हाय का भेसळ हाय, देव जानं!”

सगळ्यांच्या माना हलल्या. त्या माना मला अजून दिसतात. चोर स्वतःच्या हातानं चोरीचा आकडा खोदून ठेवत नाही, हे तिसरीतल्या पोरालाही कळलं असतं. तिथं वकील होते, डॉक्टर होते, निवृत्त मामलेदार होते. सगळ्यांना कळलं आणि एकालाही कळून घ्यायचं नव्हतं. खाली श्रीखंड वाट बघत होतं.

“नानासो, पत्रा काळा पाजे,” आकाराम म्हणाला. “त्यो घासलाय. म्हनून पानी न्हाई तापलं. मास्तरास्नी इचारा. त्यास्नी समदं ठावं हाय.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. रंगुबाईनंही पाहिलं, तिच्या चेहऱ्यावरचा आनंद आता भीतीनं पुसला जात होता. मला दोनच वाक्यं बोलायची होती. एक, की पत्रा घासल्यामुळं पाणी तापलं नाही. दुसरं, की सव्वीसचा आकडा माझ्या हातचा आहे. पहिलं बोललो असतो, तर साहेबांनी दुसरं विचारलं असतं. रंगुबाईची नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं आहे. मी त्या खणाचा विचार करत होतो.

“रंगाचं तसं... बघायला लागेल,” मी म्हणालो.

असं काहीतरी बोललो. धड हो नाही, धड नाही नाही. माझी मलाच शिसारी आली.

आकारामनं माझ्यावरची नजर काढून नानासोंकडं वळवली. मग म्हणाला, “बरं. मग काटा आना. पेटी उगडतो, वजन करा. चौदा किलो सातशेला गुंजभर कमी भरलं, तर हात तोडा माजा. आना काटा.”

“सणासुदीच्या दिवशी काटा कुठं आणता!” साहेब हसून म्हणाले. “चला, जेवू या.”

“आवं, काटा आना की!”

वरात खाली उतरली. जिना उतरतानाही मागून त्याचा आवाज येत होता. तो ओरडत नव्हता. दर खेपेला तेच, तेवढ्याच आवाजात सांगत होता. काटा आणा. मी श्रीखंड खाल्लं. दोनदा वाढून घेतलं, कारण नको म्हणायलाही तोंड उघडावं लागलं असतं.

अकरा बंगल्यांपैकी एकानंही बंब करून घेतला नाही. ‘तांबं खाणारा तांबट’ हे नाव आठवडाभरात गावभर झालं. शेठनं दुसरा माणूस अजून बघितला नव्हता, म्हणून आकाराम पुन्हा शेडखाली बसला. नानासोंचे पाच हजार सहाशे मंजूर झाले. साहेबांना श्रीखंड आवडलं होतं. जूनमध्ये माझा कायमचा हुकूम निघाला. त्या दिवशी आमच्या हिनं शेजारी पेढे वाटले आणि मला पित्त झालं.

फळ्याच्या रंगाचा एक हात दिला असता, तर तो बंब आजही चालला असता. दहा रुपयांचं काम. पण नानासोंनी तो कुणाला दुरुस्तच करू दिला नाही. पाणी तापलं असतं, तर तांबटाची चोरी कशी टिकली असती?

त्या दुकानाकडं मी सहा महिने फिरकलो नाही. मोती चौकात जायचं, तर वरच्या रस्त्यानं जायचो. दिवाळीच्या तोंडावर मात्र ही हट्टालाच पेटली. वाढलेल्या पगारातून तिला स्टीलचा मोठा डबा हवा होता, आणि तो तिथंच मिळत होता. मी गेलो. शेठनं डबा दाखवला, मी भाव न करता घेतला आणि निघालो, एवढ्यात दारात नानासोंची जीप थांबली.

ड्रायव्हरनं मागून काढून आणला तो पत्रा. नळ्यांसकट, पेटीतून उचकटलेला. लीलाबाईंना त्याच्या बदल्यात स्टीलचं पिंप हवं होतं. “बाईसायेब म्हनल्या, गच्ची अडलीया नुसती,” तो म्हणाला, आणि काट्याला पत्रा लावायच्या आधीच विडी ओढायला बाहेर गेला.

शेड दुकानाच्या मागंच. मधलं दार उघडं होतं. आकारामनं पत्रा ओळखला, मग मला पाहिलं. त्याचा चेहरा बदलला नाही. उठून काट्याजवळ आला. केरबानं पत्रा पारड्यात चढवला. शेठनं वजनं टाकली, एक छोटं काढलं, दुसरं टाकलं. काटा हलला आणि मधोमध उभा राहिला.

“चौदा किलो,” शेठ म्हणाले, “सातशे.”

त्यांनी पावतीवर लिहून टाकलं. त्यांना त्यात विशेष काही नव्हतं.

आकारामनं केरबाकडं मान वळवली. “केरबा, किती म्हनलं रं?”

“चौदा किलो सातशे.”

“हां,” आकाराम म्हणाला.

माझ्या हातात डबा होता. मी म्हणालो, “आकाराम, मी नानासोंना सांगतो. साहेबांना पत्र लिहितो. सगळं लिहितो.”

“कवा?” त्यानं विचारलं.

त्याच्या आवाजात राग नव्हता. गाडी कितीची, असं विचारावं तसं त्यानं विचारलं. मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

तो पत्रा घेऊन शेडखाली गेला. दगडी ऐरणीवर ठेवला, कोपरा वर आला असा फिरवला. पत्र्यावर हिरवट डाग पडायला लागले होते, पण नाव स्वच्छ वाचता येत होतं. केरबा सवयीनं हातोड्यासाठी हात पुढं करून उभा राहिला. आकारामनं हातोडा उचलला, पण त्याच्या हातात दिला नाही.

“तू ऱ्हाऊ दे, केरबा,” तो म्हणाला. “हे काम मास्तरांचं हाय.”

त्यानं दांडा माझ्याकडं केला. मी डबा खाली ठेवला आणि हातोडा घेतला. तो मला वाटला होता त्यापेक्षा बराच जड होता. वर्कशॉपमधले पोरांचे हातोडे निराळे.

पहिला घाव नावाच्या बाजूला पडला.

“न्हाई लागला,” केरबा म्हणाला.

पत्रा सरकू नये म्हणून आकारामनं खाली बसून दोन्ही कडा हातांनी घट्ट धरल्या. त्याची बोटं नावापासून चार बोटांवर होती. त्यानं ती मागं घेतली नाहीत.

“मारा, मास्तर,” तो म्हणाला. “मी धरलाय.”

मी पुन्हा हातोडा उचलला.